कॉकपिटचे दार आणि कमिशनचा उंबरठा
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



जगातील सर्वांत श्रीमंत हवाई दलाला विमाने चालविण्यासाठी माणसे पुरत नाहीत, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्याला खरी वाटणार नाही. पण अमेरिकेच्या हवाई दलाने २०१७ साली सुमारे दोन हजार वैमानिकांची उणीव जाहीरपणे मान्य केली. आणि २०२४ चे आर्थिक वर्ष संपले तेव्हाही ती सुमारे १,८५० होती. त्यांतील निम्म्याहून अधिक जागा लढाऊ विमानांच्या वैमानिकांच्या होत्या. मधल्या काळात उपायांवर पैसा खर्च झाला नाही असे नाही. नोकरीत राहण्याचा करार करणाऱ्या वैमानिकाला वर्षाला पस्तीस हजार डॉलरपर्यंत, आणि पुढे पन्नास हजार डॉलरपर्यंत बोनस देऊ करण्यात आला. तो देणे परवडतेही; कारण रँड या संस्थेने २०१९ साली केलेल्या अभ्यासानुसार एफ-१६ विमानाचा एक वैमानिक तयार करण्यास ५६ लाख डॉलर, तर एफ-२२ विमानाचा वैमानिक तयार करण्यास १ कोटी ९ लाख डॉलर खर्च येतो. एवढे करूनही रिकाम्या जागांचा आकडा जिथल्या तिथेच राहतो.

त्याच देशाच्या भूदलाची स्थिती पाहावी. अमेरिकन भूदलाकडे अपाचे, ब्लॅक हॉक, चिनूक अशा हेलिकॉप्टरांचा प्रचंड ताफा आहे आणि तो चालविणारे बहुसंख्य वैमानिक वॉरंट अधिकारी आहेत. वॉरंट अधिकारी म्हणजे सार्जंटच्या वर, पण सेकंड लेफ्टनंटच्या खाली असलेला अधिकारी. त्याच्यासाठी महाविद्यालयाची पदवी सक्तीची नाही. शालेय शिक्षण पूर्ण केलेला तरुण चाचण्यांना आणि प्रशिक्षणाला उतरला, तर हेलिकॉप्टरचा वैमानिक होऊ शकतो. त्याच्या पदाच्या एकूण पाच पायऱ्या आहेत आणि त्या चढताना त्याने आयुष्यभर उड्डाण करावे, शिकवावे, आपल्या यंत्रात पारंगत व्हावे एवढीच अपेक्षा असते. लेफ्टनंट म्हणून आलेला वैमानिक काही वर्षे उडतो आणि मग तुकडीचे नेतृत्व, कचेरी, मुख्यालय अशा वाटेने जातो. म्हणून भूदलाच्या कॉकपिटमध्ये असे नित्य घडते की, पदाने वरिष्ठ असलेला कॅप्टन शेजारच्या आसनावर शिकत असतो आणि हेलिकॉप्टरची सूत्रे व अंतिम जबाबदारी वॉरंट अधिकाऱ्याकडे असते.

एकाच देशात, एकाच आकाशात हे दोन नियम आहेत. हवाई दल म्हणते, वैमानिक हा कमिशनप्राप्त अधिकारीच असला पाहिजे. भूदलाचा सत्तर वर्षांचा अनुभव सांगतो, तसे असण्याची गरज नाही. यांतील कोणता नियम उड्डाणाच्या गरजेतून आला आणि कोणता समाजाच्या उतरंडीतून आला, हा आजच्या विषयाचा गाभा आहे.

शांततेचा पुरस्कार करणाऱ्या चळवळीने लष्करातील पदांचा विचार कशासाठी करावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. सैन्य ही देशातील सर्वांत मोठ्या मालकसंस्थांपैकी एक आहे आणि तिच्यात कष्टकऱ्यांचीच मुले सर्वाधिक आहेत. कारखान्याच्या दारातून आत डोकावणाऱ्या पक्षाने छावणीच्या दाराशी थबकण्याचे कारण नाही.

प्रारंभ ब्रिटनपासून करावा लागेल. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश हवाई दलाला मोठ्या प्रमाणावर वैमानिक हवे होते. खासगी शाळांतून आणि विद्यापीठांतून येणारी मुले त्यासाठी पुरेशी नव्हती. म्हणून १९३६ साली स्वयंसेवी राखीव दल उभारण्यात आले आणि त्यातून कारकून, विक्रेते, कारागीर अशा घरांतील तरुण सार्जंट वैमानिक म्हणून पुढे आले. १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या आकाशात जी लढाई झाली, तिच्यातील वैमानिकांचा मोठा हिस्सा अशा सार्जंटांचा होता. त्या लढाईत सर्वाधिक विमाने पाडणाऱ्यांत जेम्स लेसी हा सार्जंट होता. पोलिश स्क्वाड्रनमधून लढणारा योसेफ फ्रांटिशेक हा चेक वैमानिकही सार्जंटच होता. त्याच्या नावावर सतरा विमाने आहेत आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो मरण पावला. ही माणसे अधिकाऱ्यांच्या बरोबरीने उडत, त्यांच्याच बरोबरीने मरत. मात्र उतरल्यावर जेवायला वेगळ्या मेसमध्ये जात. पगार वेगळा, प्रवासाचा वर्ग वेगळा. शत्रूने एकच विमान पाडले, तरी त्यातील अधिकारी एका कैदी छावणीत आणि सार्जंट दुसऱ्या छावणीत जात असत.

या विसंगतीवर पहिला जाहीर आघात ब्रिटिश साम्राज्यातूनच झाला. १९४२ च्या मे-जूनमध्ये ओटावा येथे हवाई प्रशिक्षणविषयक परिषद भरली. कॅनडाची बाजू अशी होती की, एकाच विमानात, एकच काम, एकच धोका पत्करून करणाऱ्या माणसांपैकी काहींना कमिशन आणि काहींना सार्जंटचे फीत देणे अन्याय्य आहे. सर्वांना कमिशन मिळाले पाहिजे. ब्रिटनची बाजू अशी की, कमिशन हे कामाचे किंवा शौर्याचे बक्षीस नव्हे; ते चारित्र्य, बुद्धी आणि नेतृत्व या गुणांची पावती आहे. मतभेद मिटले नाहीत. कॅनडाने आपल्या वैमानिकांपुरते धोरण सैल करून घेतले, ब्रिटनने आपले राखले. या वादातील ब्रिटिश युक्तिवाद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. धोका पत्करण्याची पात्रता सर्वांत असते, पण चारित्र्य आणि नेतृत्व मात्र काही विशिष्ट घरांत, विशिष्ट शाळांत जन्माला येते, हा त्यातील गृहीत सिद्धांत आहे. पुढे एका प्रसंगाच्या कसोटीवर तो घासून पाहता येईल.

अमेरिकेचा इतिहास याहून वेगळा नाही. तेथे १९१२ पासून काही जवानांना उड्डाण शिकविले जात असे. पण ती अपवादाची वाट होती. कॅडेट होण्यासाठी दोन वर्षांच्या महाविद्यालयीन शिक्षणाची अट होती. युद्ध दारात आले, तेव्हा १९४१ च्या जूनमध्ये कायदा करून शालेय शिक्षण झालेल्या जवानांना वैमानिक प्रशिक्षण खुले करण्यात आले. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर थोड्याच दिवसांत महाविद्यालयाची अटही गळून पडली. १९४२ च्या जुलैमध्ये आणखी एक कायदा होऊन ‘फ्लाइट ऑफिसर’ हे वॉरंट दर्जाचे पद निर्माण झाले. पश्चिम व्हर्जिनियातील खेड्यातून यंत्रदुरुस्तीच्या कामावर आलेला चक येगर याच दाराने आत शिरला आणि मार्च १९४३ मध्ये फ्लाइट ऑफिसर झाला. १९४७ साली ध्वनीच्या वेगाहून अधिक वेगाने विमान नेणारा पहिला माणूस हाच. दोन वर्षांच्या महाविद्यालयाची अट कायम राहिली असती, तर तो विमानाखाली पाना घेऊन उभा राहिला असता.

जपानचे उदाहरण मात्र सावध करणारे आहे. जपानी नौदलाचे बहुसंख्य वैमानिक अधिकारी नव्हते. साकाई साबुरो, निशिझावा हिरोयोशी हे त्यांचे अग्रगण्य लढवय्ये खालच्या पदांवरून आलेले. पण तेथे अन्न, निवास आणि वागणूक यांतील अंतर ब्रिटनहूनही कठोर होते. आणि आकाशात अनुभव कितीही असो, तुकडीचे नेतृत्व बहुधा अधिकाऱ्याकडेच जाई. कॉकपिटचे दार उघडले म्हणजे समता आली असे होत नाही, हे जपानने दाखवून दिले. दार उघडणे ही पहिली मागणी झाली. आत गेल्यावर काय मिळते, हा वेगळा प्रश्न आहे.

युद्ध संपले आणि उघडलेली दारे एकामागून एक बंद झाली. अमेरिकेत सार्जंट वैमानिकांची पद्धत युद्ध चालू असतानाच थांबली होती. ब्रिटिश हवाई दलात पुढील काही वर्षांत वैमानिक हा अधिकारीच असावा असे धोरण रूढ झाले. अमेरिकेच्या काँग्रेसने १९५८ साली सार्जंटांच्या वर दोन नवी पदे निर्माण केली. त्यानंतर वॉरंट अधिकाऱ्यांची गरज उरली नाही असे म्हणून हवाई दलाने १९५९ मध्ये त्या पदावरील नेमणुका बंद केल्या. शेवटचा सक्रिय वॉरंट अधिकारी १९८० साली निवृत्त झाला. यातून एक नियम दिसतो. माणसांची निकड भासली की पात्रतेच्या अटी खाली येतात. निकड संपली की त्या पुन्हा वर जातात. उड्डाणाचे शास्त्र या काळात बदलत होते. पण अटी बदलल्या त्या त्या शास्त्रामुळे नव्हे, तर हाताशी किती माणसे आहेत या हिशेबाने.

भूदलांत मात्र दार उघडे राहिले. ब्रिटिश भूदलात आजही सार्जंट आणि वॉरंट अधिकारी अपाचे हेलिकॉप्टर चालवितात. अमेरिकन भूदलाने कोरियाच्या युद्धाच्या काळापासून वॉरंट दर्जाचे हेलिकॉप्टर वैमानिक घडविले आणि व्हिएतनामच्या युद्धात त्यांची संख्या हजारोंनी वाढली. टेक्सासमधील फोर्ट वॉल्टर्स येथे शिकायला येणारी मुले एकोणीस-वीस वर्षांची असत. त्या युद्धात अमेरिकेचे दोन हजारांहून अधिक हेलिकॉप्टर वैमानिक मृत्युमुखी पडले. ते युद्ध अन्यायाचे होते, हे या सभेत वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. पण अन्यायाच्या युद्धातही माणूस कसा वागतो, यावरून पदांच्या उतरंडीची परीक्षा होते. त्यासाठी दोन वॉरंट अधिकाऱ्यांची हकिकत पाहू.

पहिला मायकेल नोव्होसेल. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमाने चालविलेला हा माणूस हवाई दलाच्या राखीव सेवेत लेफ्टनंट कर्नल होता. १९६४ साली त्याने पुन्हा सक्रिय सेवेत घेण्याची विनंती केली. वरिष्ठ अधिकारी आधीच पुष्कळ आहेत, असे उत्तर त्याला हवाई दलाकडून मिळाले. तेव्हा त्याने लेफ्टनंट कर्नलचे पद सोडले आणि भूदलात वॉरंट अधिकारी म्हणून दाखल होऊन जखमींना उचलणाऱ्या हेलिकॉप्टरवर काम पत्करले. दोन फेऱ्यांच्या सेवेत त्याने २,५४३ उड्डाणे केली आणि ५,५८९ जखमींना बाहेर काढले. २ ऑक्टोबर १९६९ रोजी एकाच दिवशी, गोळीबारात पुन्हापुन्हा खाली उतरून, त्याने २९ सैनिकांना वाचविले. तेव्हा त्याचे वय सत्तेचाळीस होते. अलाबामातील ज्या तळावर हे वैमानिक शिकतात, त्या फोर्ट रकरला २०२३ साली नोव्होसेलचे नाव देण्यात आले आणि २०२५ साली ते काढून पुन्हा रकर हे नाव लावण्यात आले, हेही नोंदवून ठेवण्यासारखे आहे. हवाई दलापाशी कर्नलांची कमतरता नव्हती. युद्धभूमीला हवे होते ते उड्डाण करणारे हात. पद आणि काम यांची फारकत किती टोकाला जाते, हे नोव्होसेलच्या राजीनाम्याइतके स्पष्टपणे दुसऱ्या कशातून दिसत नाही.

दुसरा ह्यू थॉम्पसन. १६ मार्च १९६८ रोजी माय लाय या गावावरून तो टेहळणीचे छोटे हेलिकॉप्टर उडवीत होता. खाली अमेरिकन सैनिक निःशस्त्र बाया, मुले आणि म्हातारी माणसे यांची कत्तल करीत होते. थॉम्पसनने आपले हेलिकॉप्टर सैनिक आणि पळणारे गावकरी यांच्या मधोमध उतरविले. सैनिकांनी गावकऱ्यांवर गोळ्या झाडल्या, तर तुम्ही आपल्याच सैनिकांवर गोळ्या झाडा, असा हुकूम त्याने ग्लेन अँड्रिओटा आणि लॉरेन्स कोलबर्न या आपल्या दोन साथीदारांना दिला. सोबतची हेलिकॉप्टरे खाली बोलावून त्याने त्या गावकऱ्यांना सुरक्षित जागी पोहोचविले; प्रेतांनी भरलेल्या चरातून एका जिवंत मुलालाही बाहेर काढले. मग तळावर परतून वरिष्ठांपुढे सारे सांगितले. जमिनीवर कत्तल करणाऱ्या तुकडीचा नायक विल्यम कॅली हा कमिशनप्राप्त लेफ्टनंट होता. हे प्रकरण दडपण्यात ज्यांची नावे पुढे आली, त्यांत वरिष्ठ अधिकारी होते. थॉम्पसनच्या वाट्याला प्रारंभी धमक्या आल्या. खरा सन्मान मिळायला १९९८ साल उजाडावे लागले.

एका प्रसंगावरून सर्व लेफ्टनंट क्रूर आणि सर्व वॉरंट अधिकारी सज्जन असा निष्कर्ष काढणे पोरकटपणाचे होईल. पण ओटावा परिषदेतील तो ब्रिटिश युक्तिवाद या प्रसंगापुढे टिकत नाही. चारित्र्य, बुद्धी आणि नेतृत्व हे गुण कमिशनच्या कागदावर अवलंबून असते, तर त्या सकाळी कॅलीने थॉम्पसनला थांबवायला हवे होते.

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे वळू. वैमानिक हवाई दल सोडून का जातात? प्रवासी विमान कंपन्यांचे पगार हे एक कारण आहेच. २०१३ पासून अमेरिकेत प्रवासी विमानाच्या सहवैमानिकालाही सामान्यतः दीड हजार तासांच्या उड्डाणाची अट लागू झाली. त्यामुळे अनुभवी लष्करी वैमानिकाची बाजारातील किंमत वाढली. परंतु त्याच्या जोडीला दुसरे कारण आहे. उडण्यासाठी आलेला माणूस दहा-बारा वर्षांनी कागदांच्या ढिगाखाली गाडला जातो. अधिकारी म्हटला की त्याने बढतीच्या शिडीवर चढलेच पाहिजे. शिडी चढायची तर कॉकपिट सोडून कचेरीत गेलेच पाहिजे. म्हणजे हवाई दल लाखो डॉलर खर्चून वैमानिक घडविते आणि मग त्याच्यापासून कारकून व व्यवस्थापक बनविते. हे त्या दलालाही उमगलेले आहे. म्हणून २०१८ साली त्याच्या मालवाहू विमानांच्या विभागात काही वैमानिकांना केवळ उड्डाणाचेच काम देण्याचा प्रयोग सुरू झाला. केवळ उडणारा, कचेरीच्या शिडीवर न चढणारा तज्ज्ञ! वॉरंट अधिकाऱ्याची व्याख्या याहून वेगळी काय आहे?

हवाई दलाचे आक्षेपही न्यायबुद्धीने ऐकले पाहिजेत. पहिला आक्षेप असा की, उमेदवारांचा तुटवडा नाहीच. अडचण आहे ती प्रशिक्षणाची विमाने, शिक्षक आणि नवोदितांना अनुभव देणाऱ्या तुकड्या यांची. वॉरंट पद निर्माण करून अधिक विमाने येणार नाहीत. हा आक्षेप खरा आहे. मात्र अनुभवी माणूस कॉकपिटमध्ये टिकला, तरच शिक्षक मिळतो. आणि टिकण्याचाच तर प्रश्न आहे. दुसरा आक्षेप असा की, अण्वस्त्रे नेणाऱ्या विमानाचा निर्णय अधिकाऱ्यानेच घ्यावा. पण तसा निर्णय कॉकपिटमध्ये घेतला जातच नाही. तो राष्ट्राध्यक्ष घेतो. तिसरा आक्षेप बोलून दाखविला जात नाही. हवाई दलात सेनापती होण्याचा राजमार्ग वैमानिकाच्या आसनावरून जातो. ते आसन शाळा सोडून आलेल्या मुलाला दिले, तर त्या राजमार्गाची प्रतिष्ठा काय राहील, ही ती भीती आहे.

या भीतीचा पुरावा ताजा आहे. २०२४ साली अमेरिकेच्या हवाई दलाने वॉरंट अधिकारी पद तब्बल पासष्ट वर्षांनी पुन्हा सुरू केले आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात पहिली तुकडी बाहेर पडली. पण ते पद फक्त संगणक आणि सायबर सुरक्षेच्या कामासाठी आहे. वैमानिकांना त्यातून कटाक्षाने वगळण्यात आले. तांत्रिक कौशल्याला व्यवस्थापनाच्या शिडीपासून मोकळे केले पाहिजे, हे तत्त्व संगणकापुरते मान्य झाले. कॉकपिटच्या दाराशी ते अडले. नौदलाने तर त्याआधीच, २०२० मध्ये, विमानवाहू जहाजावरील मानवरहित विमानांसाठी वॉरंट पद निर्माण केले होते. जेथे वैमानिक विमानात बसत नाही, तेथे पदवीची अट सैल होते; जेथे तो बसतो, तेथे ती कडक राहते. यात उड्डाणशास्त्र कोणते?

तथापि, वॉरंट पद हे जादूचे औषध समजून स्वीकारणे चुकीचे ठरेल. कामगार चळवळीला हा डाव परिचित आहे. कायम कामगाराच्या जागी बदली कामगार, इंजिनियरच्या जागी कमी पगारावर तेच काम करणारा पदविकाधारक, कायम शिक्षकाच्या जागी मानधनावरचा शिक्षक! संधीचे दार उघडले, अशा भाषेत स्वस्त श्रम आत आणले जातात. अमेरिकन भूदलानेही वॉरंट वैमानिक ठेवले ते समतेच्या प्रेमापोटी नव्हे. त्याला पुष्कळ वैमानिक कमी खर्चात हवे होते. आणि तेही हातातून निसटू लागले, तेव्हा २०२० साली नव्या वैमानिकांवरील सक्तीच्या सेवेचा बंध सहा वर्षांवरून दहा वर्षांवर नेण्यात आला. पगार व मान वाढविण्याऐवजी साखळी लांब केली. म्हणून ‘वॉरंट अधिकाऱ्यांना वैमानिक करा’ एवढीच मागणी अपुरी आहे. समान धोका, समान काम, समान भत्ता आणि वर जाणारी अखंड शिडी, ही तिची उरलेली चार अंगे आहेत.

भारतात हा प्रश्न अधिक तीव्र रूपात उभा आहे. महालेखापरीक्षकांचा जो अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये संसदेपुढे आला, त्यानुसार भारतीय हवाई दलातील वैमानिकांची उणीव फेब्रुवारी २०१५ मध्ये ४८६ होती. २०२१ च्या अखेरीस ती ५९६ झाली. वर्षाला २२२ प्रशिक्षणार्थी घेण्याचे नियोजन होते, पण तेवढे प्रत्यक्षात आले नाहीत. आपल्या हवाई दलात वॉरंट अधिकारी आहेत. ज्युनियर वॉरंट, वॉरंट आणि मास्टर वॉरंट अशा त्यांच्या तीन पायऱ्या आहेत. ते फ्लाइट इंजिनियर म्हणून, गनर म्हणून उडतात. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांच्यासह जे हेलिकॉप्टर कोसळले, त्याच्या चालकदलात दोन ज्युनियर वॉरंट अधिकारी होते. मृत्यूने त्यांच्यात आणि विंग कमांडरमध्ये भेद केला नाही. पण वैमानिकाचे आसन त्यांना बंद आहे. भूदलाच्या हवाई शाखेचे वैमानिक आपल्या नाशिकला शिकतात. तेही अधिकारीच असतात. इंग्रजांची उतरंड आपण जशीच्या तशी घेतली, मात्र त्यांच्या भूदलाने चालविलेली सार्जंट वैमानिकाची परंपरा तेवढी सोडून दिली.

शिक्षणाचा मुद्दा येथे लागू पडत नाही. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत हवाई दलासाठी जाणाऱ्या मुलाला बारावीला गणित व भौतिकशास्त्र लागते. अग्निवीरवायू म्हणून विज्ञान विषयांतून भरती होणाऱ्या मुलालाही तेच विषय लागतात. दोघेही एकाच बाकावरून उठलेले असू शकतात. त्यांना वेगळे करते ती ‘अधिकाऱ्याला साजेसे गुण’ तपासणारी निवड, आणि तिच्यात सफाईदार इंग्रजीचे व शहरी वावराचे वजन किती असते, हे ग्रामीण महाराष्ट्रातील प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. मराठी मुले शिपाई म्हणून पुष्कळ, पण अधिकारी म्हणून थोडी. हे जाणूनच महाराष्ट्र शासनाने १९७७ साली औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. तिने अनेकांना वर नेले. पण शिडी एकाच टोकाला, म्हणजे प्रवेशाच्या वयात, लावली गेली. तिथे हुकलेल्या मुलासाठी पुढे कॉकपिटकडे जाणारी पायरीच नाही.

भत्त्यांकडे पाहावे. २०१७ साली ठरलेल्या दरांनुसार सियाचीनवरील अधिकाऱ्याला महिना ४२,५०० रुपये भत्ता आणि जवानाला ३०,००० रुपये. लष्करी सेवा वेतन अधिकाऱ्याला १५,५०० आणि जवानाला ५,२००. थंडी दोघांना एकच झोंबते! त्यात २०२२ पासून अग्निपथ योजना आली. चार वर्षांच्या कराराने भरती व्हायचे आणि त्यातील जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांनी टिकायचे. उत्तम फ्लाइट इंजिनियर घडायला जिथे अनेक वर्षे लागतात, तिथे चार वर्षांनी चौघांतील तिघांना घरी धाडले जाईल. वैमानिक कमी पडतात म्हणून चिंता करणारे शासन, ज्या थरातून उद्याचे वैमानिक वर आणता येतील तो थरच कंत्राटी करीत आहे.

असा माणूस वर येऊ शकतो, याचा पुरावा बाहेर शोधायला नको. १९३२ साली भारतीय हवाई दल स्थापन झाले, तेव्हा मूठभर अधिकाऱ्यांबरोबर ‘हवाई सिपाही’ म्हणून जी माणसे आली, त्यांत अभियांत्रिकी शिकलेला हरजिंदर सिंग होता. त्या पायरीवरून तो एअर व्हाइस मार्शल झाला. ज्या देखभाल कमांडचे मुख्यालय आज नागपूरला आहे, तिचा तो प्रमुख झाला आणि कानपूरला त्याने देशी बनावटीचे छोटे विमान उडवून दाखविले. परक्या राजवटीत, नव्या दलाच्या धामधुमीत हे घडू शकले. स्वतंत्र देशात ते अपवाद म्हणून राहावे, हे भूषणावह नाही.

फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या ‘तलवार’ तळावरील खलाशी उठले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत बरे अन्न, सभ्य वागणूक आणि ब्रिटिश खलाशांएवढे वेतन या गोष्टी होत्या. हवाई दलातील भारतीय जवानांनीही त्या दिवसांत काम थांबवून त्यांना साथ दिली. साम्राज्य गेले, पण त्या मागण्यांतील समतेचे कलम अद्याप पुरे झालेले नाही. म्हणून संसदेत आणि सभांतून तीन गोष्टी लावून धरल्या पाहिजेत. हवाई दलातील जवानाला सेवेत असताना चाचणीच्या बळावर वैमानिकाच्या आसनापर्यंत जाण्याची वाट खुली करावी, आणि ती परीक्षा त्याच्या भाषेत देता यावी. एकाच यंत्रात एकच धोका पत्करणाऱ्यांना धोक्याचा भत्ता एकच असावा. आणि ज्या कामात कौशल्य वर्षांनी मुरते, तेथे चार वर्षांचा करार लागू करू नये.

या मागण्या मान्य झाल्याने वैमानिकांची उणीव एका वर्षात भरून निघणार नाही. विमाने आणि शिक्षक यांची व्यवस्था वेगळी करावीच लागेल. पण उणीव मोजताना आजवर फक्त रिकाम्या आसनांची मोजदाद झाली. त्या आसनांपर्यंत पोहोचू शकली असती, पण दाराशीच थांबविली गेली, अशा मुलामुलींची गणना कोणत्याही अहवालात नाही. ती करणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.